पंख्यापुरती बॅटरी

अप्पांचा ऑफिसात फोन आला तेव्हा अनुराधा सर्व्हरच्या पाठीमागे जमिनीवर बसलेली होती. पदर कमरेला खोचलेला, एका हातात केबल, दातांत टॉर्च. रिसेप्शनवरची मुलगी दारातून ओरडली, "मॅडम, घर से फोन! आप के फादर!" आणि अनुराधा केबल टाकून उठली, कारण अप्पा ऑफिसात फोन करणाऱ्यांतले नव्हते. आई गेली त्या दिवशीसुद्धा फोन शेजारच्या नामदेवरावांनी केला होता. पडले असतील, बाथरूममध्ये घसरले असतील, बी.पी. वाढलं असेल, असं मनात म्हणत ती धुळीच्या हातांनीच रिसीव्हर उचलायला धावली. अप्पांचा आवाज मात्र खणखणीत होता. "अनू, तुमच्याकडं ती बॅटरी असते ना, करंट गेल्यावर कॉम्प्युटर चालवणारी? तसली एखादी घरी आणता येईल का?" तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "घरी? कशाला, अप्पा?" "ओमकारची पोरं येतायत. मे महिना. दुपारचा करंट जातो. त्यांना पंख्याशिवाय झोपायची सवय नाही." मग जरा अवघडल्यासारखं, "चौकशी तर कर," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती परत जाऊन बसली. केबलचं कुठलं टोक बॅटरीचं आणि कुठलं कॉम्प्युटरचं, हे तिला क्षणभर आठवेना. काही मोठं झालेलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसानं नातवंडांसाठी वारा मागितला होता, एवढंच. पण छातीत काहीतरी टोचल्यासारखं झालं होतं आणि ते कुठं टोचतंय हे नीट सापडत नव्हतं. समोर दिवे जळत होते, ए.सी. घरघरत होता, हेडफोन लावलेल्या मुली अमेरिकेतल्या डॉक्टरांची गुळगुळीत बडबड ऐकत ती धडाधड टाइप करत होत्या. कुणाचं पित्ताशय, कुणाचा गुडघा. हैदराबादेत, हिमायतनगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर बसून दूरदेशीच्या रोग्यांची दुखणी लिहून पाठवायची, हा त्या वर्षांतला नवा धंदा होता. गल्लोगल्ली अशी ऑफिसं निघत होती आणि प्रत्येकाच्या पाटीवर 'ग्लोबल' नाहीतर 'सॉफ्ट' हा शब्द असायचाच. संदीप हा इथला मालक. अनुराधापेक्षा दहाबारा वर्षांनी लहान, टाय लावणारा, तिला 'अनुराधाजी' म्हणणारा. फुकट मिळतं म्हणून त्यानं सर्व्हरवर लिनक्स घालायचं ठरवलं आणि ते शिकायला कुणी तयार होईना म्हणून अनुराधा शिकली. एका मासिकाबरोबर आलेली सीडी, इंटरनेटवरून छापून काढलेले कागद आणि रविवार, एवढ्यावर शिकली.

गेल्या आठवड्यात काम आलं होतं बॅटरीचं. करंट गेला की यूपीएस, म्हणजे ती बॅटरी, थोडा वेळ सर्व्हर चालवायचा. तेवढ्यात कुणी येऊन तो रीतसर बंद केला तर ठीक, नाहीतर बॅटरी संपली की मशीन धाडकन पडायचं, आणि परत सुरू झालं की डिस्क तपासण्यात निम्मी सकाळ जायची. कधी फायली अर्ध्या तुटलेल्या निघायच्या. म्हणून बॅटरीपासून कॉम्प्युटरपर्यंत एक केबल जोडायची आणि त्या केबलवर कान लावून बसणारा एक प्रोग्रॅम चालू ठेवायचा. करंट गेल्याचं कळलं की तो सगळ्यांच्या स्क्रीनवर सूचना टाकतो, कामं जतन करायला वेळ देतो, आणि बॅटरी उतरत आली की सर्व्हर स्वतःच व्यवस्थित बंद करतो. आधी सांगायचं, मग थांबायचं, मग बंद करायचं. अनुराधाला हा क्रम पहिल्यांदा वाचला तेव्हापासूनच आवडला होता. संदीपला एवढंच कळलं होतं की आता संध्याकाळच्या पाळीला कुणाला बसवून ठेवायला नको. "ऑटोमॅटिक करून टाका, अनुराधाजी. किती कठीण आहे?"

कठीण होतं. केबल विंडोजसाठी बनवलेली निघाली. पहिल्या दिवशी प्रोग्रॅम सुरू केला मात्र, त्याची समजूत झाली की करंट गेलेला आहे आणि बॅटरी मरायला टेकलीय. भर दुपारी, सगळे दिवे लखलखत असताना, त्यानं सगळ्यांना सूचना दिली आणि सर्व्हर शांतपणे बंद केला. मुली हसत हसत हेडफोन काढून उभ्या राहिल्या. संदीप केबिनमधून बाहेर आला, छताकडं बोट करून म्हणाला, "लाइट तर आहे!" अनुराधानं केबल काढून पिशवीत टाकली आणि घरी घेऊन गेली.

नल्लकुंट्याच्या घरात संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर केबलचं टोपण उघडून बसली होती, तेव्हा अप्पा पेपर बाजूला ठेवून जवळ आले. अप्पा म्हणजे एकनाथराव, सगळी नोकरी वीज खात्याच्या कंट्रोल रूममध्ये काढलेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, केबल हातात घेतली, पिना पाहिल्या. मग विचारलं, "करंट गेल्यावर ह्याचा काँटॅक्ट जुळतो की सुटतो?" ती चमकून त्यांच्याकडं बघत राहिली. दुपारपासून ज्या प्रश्नाभोवती ती घिरट्या घालत होती तोच हा प्रश्न. करंट असताना तार जोडलेली असते आणि गेल्यावर तुटते, की उलट? आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलावर बाप आणि मुलगी नव्हे, तर एकाच धंद्यातली दोन माणसं बसली आहेत, असं तिला वाटून गेलं. तोंडापर्यंत कितीतरी बोलणं आलं. "तेच बघायचंय, अप्पा. मला वाटतं हिचं उलटं आहे. प्रोग्रॅमला तसं सांगता येतं, पण—" अप्पांनी केबल खाली ठेवली. "रविवारी ओमकारचा फोन येईल, त्याला विचार. त्याला कळेल." आणि ते पुन्हा पेपर घेऊन बसले. ओमकार न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत होता, भिंतीएवढ्या जुन्या कॉम्प्युटरवर काम करायचा आणि असली केबल त्यानं जन्मात पाहिलेली नव्हती. अनुराधानं टोपण लावलं. दुसऱ्या दिवशी सेटिंगच्या फायलीत एक शब्द बदलला आणि प्रोग्रॅम सरळ चालायला लागला. ते तिनं घरी सांगितलं नाही. अप्पांनीही विचारलं नाही.

आणि आता बॅटरी हवी होती. पंख्यासाठी.

सर्व्हरमागे केबल पक्की बसवता बसवता तिला कंदिलाचा वास आला. ऑफिसात, ए.सी.त, खरोखरच आला, घासलेटाचा आणि तापलेल्या काचेचा. तिच्या इंटरच्या, म्हणजे बारावीच्या, परीक्षेचं वर्ष. त्या उन्हाळ्यात विजेची टंचाई इतकी होती की रोज वरून हुकूम यायचा, इतका लोड काढा. कुठली लाइन बंद करायची ते पाळीवरच्या माणसानं ठरवायचं. अप्पांची पाळी असली की नल्लकुंट्याची लाइन सगळ्यांत आधी जायची, कारण तिच्यावर अप्पांचं स्वतःचं घर होतं. "लोकांनी म्हणू नये," हे त्यांचं वाक्य. गल्लीतले लोक विचारायला यायचे, "एकनाथराव, आज आमचा नंबर किती वाजता?" अप्पा सांगायचे नाहीत. सांगणं म्हणजे सवलत. ते घरातही सांगायचे नाहीत. आई कणीक तिंबत असायची आणि खोलीत एकदम काळोख व्हायचा, की ती हात तसेच धरून उभी राहायची आणि म्हणायची, "आले तुमचे अप्पा ड्यूटीवर." गल्लीत त्यांचं नाव होतं. माणूस असावा तर असा, असं नामदेवराव चारचौघांत म्हणायचे. घरात मात्र आई चुलीपाशी दम्यानं धापा टाकायची, अनुराधा कंदिलाच्या उजेडात गणितं सोडवायची आणि काजळी धरली की डोळे चोळत काच पुसायची. एकदा, एकदाच, आई बोलली होती. अप्पा पाळीवरून आले होते, कुणीतरी त्यांची तारीफ केलेली ते सांगत होते. ताट वाढता वाढता आई म्हणाली, "तुमच्या इमानदारीचा धूर माझ्या डोळ्यांत जातो." अप्पा जेवले, हात धुतले आणि झोपले. पुढच्या पाळीला पुन्हा आपली लाइन आधी.

तेव्हा अनुराधाला त्यांचा राग येत नसे, हेच आता नवल वाटत होतं. उलट अभिमान वाटायचा. मैत्रिणींच्या घरी दिवे असताना आपण अंधारात बसतो म्हणजे आपण कुणीतरी खास आहोत, असं तिला वाटायचं. इंजिनिअरिंगची जागा थोडक्यात हुकली तेव्हाही ती म्हणाली होती, जाऊ दे, बी.एस्सी. करते. मग दोन वर्षांनी ओमकारची पाळी आली. टंचाई तीच होती, अप्पा तेच होते, लाइन तीच जात होती. पण ओमकारची सोय हिमायतनगरात त्याच्या मित्राच्या घरी करण्यात आली. त्या रस्त्यावर कुणा बड्या माणसाचा बंगला होता, तिथला करंट कधी जात नसे. अप्पा स्वतः त्याला सायकलवर डबल सीट घेऊन सोडायला जायचे. "मुलीनं कुणाच्या घरी संध्याकाळचं जाऊन बसणं बरं दिसत नाही," असं तिच्या वेळी कुणी म्हणालंही नव्हतं. तो प्रश्नच कुणाला सुचला नव्हता. तिलासुद्धा. तिच्या अभ्यासासाठी कुठंतरी उजेड आहे का हे शोधायचं असतं, हे ओमकारला सायकलवर बसताना पाहिलं तेव्हा तिला कळलं. आणि त्यातही अप्पांनी आपली इमानदारी सोडली नव्हती. लाइनला हात लावला नव्हता. फक्त मुलाला उजेडात नेऊन ठेवलं होतं.

संध्याकाळी तिनं संदीपला विचारलं. ऑफिसचा जुना, लहान यूपीएस अडगळीत पडला होता. "घेऊन जा हो, सवडीनं परत करा," तो म्हणाला. मग टाय सैल करत, "अनुराधाजी, ते कुकटपल्लीच्या ब्रँचचं लक्षात आहे ना? सोमवारी मला पूर्ण सेटअप चालताना दाखवा. एक यूपीएस, सगळी मशिनं. एकानं बाकीच्यांना सांगायचं, आता बंद व्हा. ते झालं तर तिथला सगळा चार्ज तुमचा. नाहीतर मला बाहेरून मुलगा आणावा लागेल." कुकटपल्लीची नवी ब्रँच म्हणजे पन्नास मशिनं, स्वतंत्र खोली, दारावर नाव. अनुराधा अडतिसाव्या वर्षी त्या खोलीची स्वप्नं पाहत होती आणि कुणाला सांगायला लाजत होती.

यूपीएस तिनं ऑटोतून घरी आणला, नवी बॅटरी बसवून घेतली आणि पुढच्या खोलीत, जिथं पोरं झोपणार होती तिथं, भिंतीशी ठेवला. त्याच कोपऱ्यात तिचा घरचा कॉम्प्युटर होता, ऑफिसातल्या टाकाऊ मशिनांच्या भागांतून तिनंच जुळवलेला. त्याच्यावर कुकटपल्लीचं काम चालू होतं. एका बॅटरीवर दोघांचं भागणार नाही हे तिला ठाऊक होतं. कॉम्प्युटर आणि पंखा दोन्ही चालले तर पंधरा मिनिटं, नुसता पंखा चालला तर पोरांची झोप होण्यापुरता वेळ. तेव्हा तिनं तोच प्रोग्रॅम घरच्या मशीनवर बसवला आणि त्याला सांगून ठेवलं की करंट गेला की बॅटरी उतरायची वाट बघू नकोस, पाच मिनिटं दे, माझं काम जतन कर आणि बंद हो. म्हणजे उरलेली सगळी बॅटरी पंख्याला. हे करताना तिला मनातून बरं वाटलं, हेही खरं. टोचत होतं ते टोचत होतंच, पण पोरांचा काय दोष? मोठा आठ वर्षांचा, धाकटी चार. त्यांना तिनं फोटोतच पाहिलं होतं. तिनं अप्पांना कोपऱ्यात नेऊन सगळं समजावलं. "करंट गेला तर कशाला हात लावू नका. हे आपणहून बंद होतं. पंखा चालू राहतो." अप्पांनी मान हलवली. "बरं."

ओमकार, त्याची पुण्याकडची बायको दीपाली आणि पोरं आली. घर पेटाऱ्यांनी, प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी आणि इंग्रजीनं भरून गेलं. अप्पा दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे नल्लकुंट्याच्या बाजारातून आंबे निवडून आणायचे, पोरांना फिरायला न्यायचे. पहिल्यांदा दुपारी करंट गेला तेव्हा यूपीएसनं बीप बीप केलं, कॉम्प्युटरनं सूचना दाखवली, पाच मिनिटांनी स्वतःच बंद झाला, आणि टेबलफॅन मान वळवत फिरत राहिला. धाकटीनं कूससुद्धा बदलली नाही. "अरे वा, लाइट गेले तरी फॅन चालू!" दीपाली म्हणाली. अप्पा उठून बाहेर गेले आणि नामदेवरावांना बोलावून आणलं. सगळी गल्ली घामानं निथळत असताना एकट्या ह्या खोलीत वारा होता. नामदेवराव बॅटरीकडं कौतुकानं बघत म्हणाले, "ओमकारनं आणली वाटतं तिकडनं?" अनुराधा दारात होती. अप्पांनी तिच्याकडं पाहिलं नाही, असं नव्हे. पाहिलं. मग नुसतेच हसले, आणि ते हसणं 'हो' म्हणण्यापेक्षा लांबलचक होतं. ओमकारनं तरी म्हणावं, नाही काका, ताईनं बसवलीय. पण ओमकार लॅपटॉपवर काहीतरी बघत होता.

ती आत जाऊन चहा ठेवायला लागली. मन म्हणत होतं, एवढ्यातेवढ्याला काय लावून घेतेस. आणि दुसरं मन म्हणत होतं की एवढ्यातेवढ्याचंच सगळं झालेलं आहे. आईच्या शेवटच्या उन्हाळ्यात अप्पा रिटायर होऊन वर्ष झालं होतं. लाइन त्यांच्या हातात नव्हती, हुकूम नव्हता, लोकांनी काही म्हणायचा प्रश्न नव्हता. करंट गेला की आई उठून बसायची, तोंड उघडून हवा ओढायची आणि अनुराधा पुठ्ठ्यानं वारा घालायची. हात भरून यायचे. तेव्हा इन्व्हर्टर मिळायला लागले होते, हैदराबादेत दुकानं निघाली होती. अनुराधानं विषय काढला होता. अप्पा म्हणाले होते, "खात्यातल्या माणसाच्या घरी इन्व्हर्टर? लोक हसतील. म्हणतील, ह्याचाच भरवसा नाही." खात्याची अब्रू आईच्या श्वासापेक्षा मोठी आहे का, असं तिनं विचारलं नव्हतं. आज त्याच घरात बॅटरी होती, लोक बघायला येत होते, आणि कुणी हसत नव्हतं.

शनिवारी ती सकाळपासून कॉम्प्युटरसमोर होती. सोमवारचं काम शेवटाला आलं होतं. एका मशीननं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि सगळ्यांत शेवटी सांगणाऱ्यानं स्वतः बंद व्हायचं. तो शेवटचा सांधा कित्येक दिवस जुळत नव्हता, तो त्या दुपारी जुळला. जेवणं झाल्यावर पोरं तिथंच गादीवर झोपली. तिनं काय काय बदललं ते डोक्यात ताजं होतं. वेगळं जतन करून फ्लॉपीवर घ्यायचं होतं, पण त्याआधी सगळ्यांचा चहा करावा म्हणून ती उठली. दूध पातेल्यात ओततेय तोच करंट गेला. बाहेरच्या खोलीतून बीप बीप ऐकू आलं. तिला अजिबात घाई वाटली नाही. तिथं मशीन आता सूचना देत असेल, पाच मिनिटं मोजत असेल, सगळं जागच्या जागी ठेवत असेल. ह्याचसाठी तर सगळी खटपट. तिनं दुधाखाली गॅस पेटवला. आणि मग बाहेरून एक लहानसा आवाज आला, 'टक्', प्लग ओढल्याचा. तो आवाज आपल्याला इतका ओळखीचा का वाटला, हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही.

ती बाहेर आली. अप्पा कोपऱ्यात वाकलेले होते, कॉम्प्युटरचा प्लग त्यांच्या हातात होता. स्क्रीन काळी. पंखा फिरत होता.

"अप्पा, का काढलंत?"

"हळू बोल, पोरं झोपलीत." त्यांनी वायर नीट गुंडाळायला घेतली, जशी हातातली हत्यारं आवरावीत. "दोन्ही चालवून बॅटरी लवकर उतरेल. काल धाकटी जागी झाली मधेच."

"ते आपणहून बंद होणार होतं. मी सांगितलं होतं तुम्हाला. समोर लिहून येत होतं, इतक्या मिनिटांत बंद होतंय म्हणून."

"येत होतं."

"वाचलंत तुम्ही?"

"वाचलं की. तीन मिनिटं म्हणत होतं." अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळेपणा नव्हता. खरोखर न कळल्याचा भाव होता. "तेवढीच तीन मिनिटं पोरांना जास्त मिळतील. लोड वाढला की कुणाला तरी काढावंच लागतं, अनू."

तिनं वाकून प्लग परत लावला. मशीन घरघरलं, काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावायला लागल्या, मधेच अडल्या, डिस्क तपासली पाहिजे म्हणाल्या, मग एकामागून एक सांगायला लागल्या की ह्या फायलीचं नाव सापडत नाही, हिचा तुकडा सापडत नाही. सकाळपासूनचं गेलं होतं. आठवड्याचंही बरंचसं गेलं असावं. पुन्हा करता आलं असतं. सोमवारपर्यंत नाही, पण कधीतरी. पण ती तिथं उभी राहून त्या ओळी वाचत होती, आणि डोक्यात कुकटपल्लीची खोली नव्हती, दारावरचं नाव नव्हतं. ती जे आधीच देऊन बसली होती ते तिच्याकडून काढून घेतलं गेलं होतं. अप्पा तीन मिनिटं थांबले असते तर ती बॅटरी तिनं दिलेली झाली असती.

"काय झालं, ताई?" ओमकार आतून डोळे चोळत आला. स्क्रीन बघून म्हणाला, "ओह. बॅकअप नव्हता का? अगं, एवढं काय त्यात. मी तुला तिकडनं चांगलं मशीन पाठवतो." दीपाली त्याच्यामागे उभी होती. ती अनुराधाच्या तोंडाकडं बघत होती, आणि तिनं नवऱ्याच्या दंडाला हात लावून त्याला गप्प केलं. त्या घरात त्या दिवशी ज्याला काही कळलं ते माणूस परकं होतं.

"तुम्ही ओमकारचा प्लग काढला असता का, अप्पा?" अनुराधानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"ओमकारचं इथं काय आहे काढायला?" अप्पा म्हणाले. ते खरंच होतं. मग तिच्या डोळ्यांत काय दिसलं कुणास ठाऊक, ते जरा चाचरले. "मी आपल्या घरातलंच काढलं. बाहेरच्याचं नाही काढलं."

हे वाक्य त्यांनी समजूत घालायला म्हटलं होतं, हे तिला कळलं. त्यांच्याजवळ ह्याहून प्रेमाचं वाक्य नसेल, हेही तिला कळलं. आपली म्हणूनच अंधारात ठेवायची. आई आपली होती. ओमकारला त्यांनी कधीच आपल्यात धरलं नव्हतं. तो पहिल्यापासून पाहुणा, उजेडात नेऊन सोडायचा. तिला वाटलं, इथं आपण रडू. पण रडू आलं नाही. तिनं यूपीएसचं मागचं बटण दाबलं. बीप बंद झालं. पंखा दोनचार फेऱ्या उगीच फिरला आणि थांबला. मग तिनं पंख्याचा प्लग काढला, कॉम्प्युटरचा काढला, भिंतीतला काढला, खिळखिळं झालेलं लहान मुलाच्या वजनाचं ते धूड दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं.

"हे काय करतेस?"

"ऑफिसचं आहे. परत द्यायचंय."

"आत्ता? ह्या उन्हात? अगं, पोरं—"

धाकटी खरोखरच जागी झाली. केस कपाळाला चिकटलेले, आधी छताकडं, मग थांबलेल्या पंख्याकडं बघत तिनं रडायला सुरुवात केली. "मम्मी, इट्स हॉट." अनुराधानं त्या पोरीकडं पाहिलं. आपण करतोय ते नीच आहे हे तिला स्वच्छ दिसत होतं. त्या पोरीनं तिचं काही वाकडं केलेलं नव्हतं. बॅटरी परत जागेवर ठेवायला अजून वेळ होता, हात तसे अवघडलेही होते. तरी ती दाराबाहेर पडली. चपला पायांत सरकवल्या, पायऱ्या उतरली. आपण इतक्या सहज हे करू शकतो, ह्याची तिला भीतीच वाटली.

रस्ता पांढराफटक होता. फाटकाशी एक ऑटो सावलीत उभा होता, ऑटोवाला पाय बाहेर काढून आडवा झालेला. "हिमायतनगर," ती म्हणाली. त्यानं तिच्या हातातल्या खोक्याकडं बघितलं. "क्या है अम्मा, बैटरी है क्या? वजनी दिखरी. पीछे रखूं?" "नको. नक्को, गोद में रखती." ती आत बसली आणि यूपीएस मांडीवर घेतला. तो गरम होता, साडीतून मांडीला चटका बसत होता.

अप्पा फाटकापर्यंत आले. अनवाणी, बनियनवर. उन्हात त्यांचे डोळे बारीक झाले होते आणि ते एकदम फार म्हातारे दिसत होते. फाटकाची सळई धरून त्यांनी विचारलं, "परत कधी येशील?" आयुष्यात त्यांनी तिला हे कधी विचारलं नव्हतं. ती रोज येतच होती.

"करंट आल्यावर," ती म्हणाली.

ऑटो सुरू झाला. गल्लीच्या तोंडाशी दुधाची गाडी आडवी होती म्हणून तो थांबला, ऑटोवाल्यानं भोंगा वाजवला. आणि तेवढ्यात मागं, गल्लीभर, एकदम सगळं जागं झालं. कुणाच्या घरात टी.व्ही. किंचाळला, कुणाचा कूलर खडखडला, पिठाची गिरणी घरघरायला लागली, पोरांनी आरोळी ठोकली. करंट आला होता. ह्या वेळी तो लवकरच आला होता. घरातला पंखा आता आपसूक फिरला नसणार, त्याचा प्लग तिनं काढून जमिनीवर टाकला होता. पण तो कुणीही भिंतीत लावेल. लावलाही असेल. धाकटी झोपलीही असेल.

"आगया करंट," ऑटोवाला आरशातून तिच्याकडं बघत म्हणाला. "वापस लेऊं क्या अम्मा, घर को?"

दुधाची गाडी बाजूला झाली. पुढचा रस्ता मोकळा होता. मांडीवरचं ओझं तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. आता ते कुणाच्याच कामाचं नव्हतं.

"नक्को," ती म्हणाली. "चलो."